दोन काचांच्या मधे

विश्वास बसला तर बसू द्या, नाहीतर राहू द्या. मी शाळेत फारशी गेले नाही, पण माझे कान शाबूत आहेत. माझी थोरली बहीण झिनाइदा हिनं जसं सांगितलं, तस्संच लिहितेय. तिला खोटं बोलता आलं असतं तर तिचं कुणाशी तरी पटलं असतं.

सायबेरियातलं आमचं गाव, आंगारा नदीच्या काठावर. गेल्या वर्षी, एप्रिलात, बर्फ मऊ पडू लागल्यावर आमचा धाकटा भाऊ येफीम गाडी घेऊन गोठलेली नदी ओलांडायला निघाला.

बर्फ फुटला.

गाडी सापडली. तो नाही.

त्याची बायको रायसा रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची.

सप्टेंबरात झिनाइदा तिच्याकडे गेली. खिडक्यांना आतून काचेची दुसरी चौकट बसवली, दोन काचांच्या मधे कापूस भरला, फटींवर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. हे केलं नाही तर जानेवारीत माणूस अंथरुणातच गोठायचा.

"वन्सं, एक खिडकी राहू द्या ना," रायसा म्हणाली.

"कशाला?"

"तो आला तर..."

"घराला दार आहे की! खिडकीतून यायला तो काय बोका आहे?"

रायसा हसली नाही. पट्ट्या देत राहिली.

डिसेंबरात झिनाइदा पुन्हा गेली. भर दुपारीच अंधारून आलं होतं. बाहेरच्या काचेवर, मधल्या बाजूनं, जाड पांढरं हिम धरलं होतं.

आणि त्यात एक गोल... स्वच्छ.

बाहेर बघायला पोरं तोंडाची वाफ सोडून करतात ना, तसा.

पण दोन काचांच्या मधे तोंड जाईल कसं?

झिनाइदानं पट्टी न् पट्टी चाचपली. एकही सुटली नव्हती.

"हे काय गं?"

"काल स्वयंपाकघरातल्या खिडकीत होता," रायसा बटाटे सोलता सोलता म्हणाली. "आज इथं."

गोलाच्या कडेनं हिम पुन्हा धरू लागलं... आणि बघता बघता विरघळलं.

कुणीतरी श्वास सोडल्यासारखं.

झिनाइदा कुणाला काही बोलली नाही. बर्फ वितळायला लागला तशी फावडं घेऊन गेली. छपरावरचा बर्फ ओढला, तळघरात पाणी शिरू नये म्हणून भिंतीलगत चर खणला. मग खिडक्यांकडे वळली. गावातल्या सगळ्यांच्या चौकटी निघाल्या होत्या.

"राहू द्या, वन्सं."

"राहू द्या काय? आरशात बघ, पिठासारखी झालीयेस. अशानं मरशील. चौकट काढते, आणि तू आजच माझ्याकडे राहायला चल."

तिनं वरची पट्टी चाकूनं कापली. मग बाजूची. सहज वर बघितलं...

वरची पट्टी अखंड होती.

बोट लावलं. खळ ओली.

रायसा तर चुलीपाशी होती, गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.

झिनाइदानं पुन्हा कापली. इकडे कापावं तर तिकडे चिकटलेली. मग आतली काच धुरकटली... मधल्या बाजूनं. खालपासून वरपर्यंत, हळूहळू.

"बाहेर फार गार आहे म्हणतो," रायसा म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव होता. "इथंच बरं वाटतं त्याला."

झिनाइदानं तिचा हात धरून ओढला. रायसानं हिसडा दिला नाही. जागची हललीही नाही.

जुलैत गावभर खिडक्यांतून पडदे उडत होते. रायसाच्या चौकटी मात्र बंद.

आता पुन्हा थंडी आलीय. झिनाइदानं यंदा दुसरी चौकट लावलेली नाही. चुलीत दुप्पट लाकडं घालते, फरचा कोट घालून झोपते.

"अक्का, मरायचंय का तुला?" मी ओरडले.

ती एवढंच म्हणाली, "येफीमला माझंही घर माहीत आहे."

माझंही माहीत आहे त्याला.

कापूस आणून ठेवलाय... अजून हात लावलेला नाही.