त्या सकाळचं खोगीर

“स्पृहाला मी तुमच्याकडे घेऊन येतोय. आमचे सगळे उपाय थकले आता,” फोनवर दत्तात्रय म्हणाला, आणि मयूराच्या हातातली आरी तशीच चामड्यात रुतून राहिली.

दत्तात्रय म्हणजे तिचा धाकटा दीर, ॲडलेडला मॉसन लेक्समध्ये राहणारा. त्यानेच कधीकाळी याच दारातून तिच्या पोटच्या पोरीला हाताला धरून नेलं होतं. गाडीचं दार लावता लावता त्याने म्हटलेलं वाक्य मयूरा अजून विसरली नव्हती. “तुमच्या हातच्या शिवणीनं माझा भाऊ नेला. ही पोर तरी मला वाचवू द्या.” त्यानंतर त्याचा फोन दिवाळीला नाहीतर मुलीच्या वाढदिवसाला यायचा, कामापुरता, कोरडा... आणि आज तोच माणूस तिच्याकडे मदत मागत होता.

“काय झालंय तिला, भाऊजी?”

“गाडीत बसली की सीटबेल्ट लावते, काढते, पुन्हा लावते. मग माझा तपासते, मग आमच्या छोट्या विहानचा. परवा भर फ्रीवेवर मागे वळून विहानच्या बेल्टला हिसके देत बसली, तो बिचारा रडकुंडीला आला. आता तर घराबाहेरच पडत नाही. युनिव्हर्सिटी सुटली. नीट जेवत नाही. डॉक्टर झाले, काउन्सेलर झाली, कुणापुढे तोंड उघडत नाही. एवढंच म्हणाली, मला स्टेशनवर ने.”

मयूराने आरी खाली ठेवली. बेल्ट... पुन्हापुन्हा ओढून पाहिलेला पट्टा... दत्तात्रयला त्यातलं काही कळलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. पण तिच्या काळजात लख्खकन उजेड पडला आणि त्या उजेडात जे दिसलं त्याने तिचा जीव गोठून गेला. ज्या एका गोष्टीसाठी तिने आपलं मातृत्व स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या ओटीत टाकलं होतं, ती गोष्टच वाया गेली होती. पोरीला सगळं आठवत होतं.

स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. डार्विनच्या दक्षिणेला गाडीने अर्धा दिवस गेलं की ज्या अफाट माळरानात हजारो गुरं मोकळी हिंडतात, त्या रानाला इथे स्टेशन म्हणतात. मयूराचा नवरा निनाद पुण्याचा इंजिनियर. डार्विनच्या गॅस कंपनीतली नोकरी सोडून तो या स्टेशनवरच्या बोअर आणि पंपांची देखभाल करायला आला, तो निव्वळ घोड्यांच्या वेडापायी. त्या वेडानेच तर त्याला मयूरा भेटली होती. पुण्याच्या कॅम्पात तिच्या वडिलांचं रेसच्या घोड्यांची खोगिरं बनवण्याचं दुकान होतं, आणि लहानपणापासून तीही त्यांच्या शेजारी बसून दाभण चालवायची. सासरच्यांनी खोगीरवाल्याची मुलगी म्हणून नाक मुरडलं, निनादने मात्र तिला इथे आणून एक पत्र्याची शेड बांधून दिली आणि म्हणाला, “हे घे, तुझं राज्य.”

डिसेंबर ते मार्च हा इकडचा उन्हाळा, आणि पावसाळाही तोच. आभाळ फुगलेलं, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटणारी. गुरं गोळा करण्याचा हंगाम तेव्हा बंद असतो, म्हणून वर्षभर झिजलेली सगळी खोगिरं याच दिवसांत मयूराच्या शेडमध्ये येत. रात्रीतून चामड्यावर हिरवट बुरशी चढे. सकाळी उठून ती व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची, उन्हाची तिरीप असेल तेवढ्यात सुकवायची, तेल चोळायचं, उसवलेल्या शिवणी नव्याने घालायच्या, दुपारी अंगाची लाही होऊ लागली की पंख्यासमोर बसून रिकिबीचे पट्टे कापायचे. निनाद गेल्यावरही हा क्रम तिने एक दिवस चुकवला नाही. काम थांबलं की ती सकाळ समोर उभी राहायची.

त्या सकाळी नदीला पाणी चढणार म्हणून निनाद घाईत होता. काठावरचा पंप वर ओढून घ्यायचा होता. “स्पृहू, बेलावर खोगीर चढव बरं,” तो चहा पिता पिता म्हणाला, आणि नऊ वर्षांची पोर बापाने मोठं काम सांगितलं म्हणून उड्या मारत गेली. खोगीर घोड्याच्या पाठीवर ज्या पट्ट्याने आवळतात, पोटाखालून जाणारा तो तंग, शेडमध्ये दोन खुंट्यांवर दोन होते. वरच्या खुंटीवर नवा. खालच्या खुंटीवर जुना, कुजलेला, दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला. तासाभराने ट्रेवर, स्टेशनचा मॅनेजर, निनादला यूटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, घालून घेऊन आला. भरधाव जाताना तंग तुटला होता आणि खाली खडक होता. फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ट्रेवरच्या हातातला तो तुटका पट्टा मयूराने पाहिला, तत्क्षणी ओळखला. आणि नवऱ्याच्या देहावर कोसळण्याआधी, पहिला हुंदका फुटण्याआधी, तिच्यातली आई बोलून गेली होती, “तो तंग मी लावला होता. शिवण माझी होती.”

तेच तिने पोलिसांना सांगितलं, तेच सासूला, तेच दिराला. सासूने मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. आणि स्पृहा... शेडच्या दारात आली की पोर लाकडासारखी ताठ व्हायची, म्हणून दत्तात्रय न्यायला आला तेव्हा मयूराने विरोध केला नाही. दूर जाईल तर विसरेल, तिला वाटलं. पोरगी मागे वळून बघत राहिली आणि मयूराने दाराची कडी लावून घेतली, नाहीतर ती गाडीमागे धावली असती.

आणि आता ती परत येत होती.

दत्तात्रयची भाड्याची गाडी आवारात थांबली तरी स्पृहा बराच वेळ खाली उतरली नाही. मयूरा काचेबाहेर उभी राहिली. आतली तरुणी केवढी उंच झाली होती, निनादचंच कपाळ, निनादचीच हनुवटी, पण गाल बसलेले आणि डोळ्यांखाली काळं. बेल्टच्या बकलवर तिची बोटं जात होती, येत होती...

“ये बाळा,” मयूरा म्हणाली.

“हाय आई. आय’म गुड,” स्पृहा म्हणाली. फोनवर म्हणायची तसंच.

पुढचे दिवस घरात तिघं जण आणि तरी स्मशानशांतता. दत्तात्रय लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचा, अधूनमधून स्वयंपाकघरात येऊन पाणी पिऊन जायचा. मयूरा थालीपीठ करायची, साबुदाण्याची खिचडी करायची. स्पृहा दोन घास चिवडून ताट सरकवायची. तिला जवळ घ्यावं म्हणून मयूराचे हात शिवशिवत, पण तिची सावली पडली तरी मुलगी अंग चोरून घ्यायची. मात्र मयूरा शेडमध्ये गेली की थोड्या वेळाने ती पाठोपाठ येई आणि उंबऱ्यावर बसे. आत कधी येत नसे. मयूरा खोगीर पुसत असे आणि मनात एकच घालमेल... सत्य बोललं तर ही कोसळेल, नाही बोललं तर डोळ्यांदेखत विझत जाईल. देवा, कुठली वाट धरू मी?

त्या दुपारी ट्रेवर अंगणात आला. ओढ्याकाठचं कुंपण पडलं होतं, चिखलात गाई अडकल्या होत्या, यूट तिथवर जाणार नव्हती. त्याने घोड्यावर खोगीर टाकलं, तंग आवळला आणि रिकिबीत पाय घातला.

“नो.”

मयूराने वळून पाहिलं तेव्हा उंबऱ्यावर कुणी नव्हतं. स्पृहा धावत अंगण ओलांडून गेली होती, घोड्याच्या पोटाला बिलगली होती, दोन्ही हातांनी तंग धरून लोंबकळत होती. “गेट ऑफ. प्लीज, ट्रेवर, गेट ऑफ हिम.” घोडा बिचकला, मागच्या पायांवर सरकला. ट्रेवरने लगाम आवरला आणि हळूच खाली उतरला. “इट्स ऑल राइट, लव. आय’म डाउन. सी?” पण तिची बोटं सुटेनात. चामड्याच्या कडेने तळवा फाटून रक्त येत होतं.

मयूरा तिच्यापाशी मातीत गुडघे टेकून बसली, एकेक बोट सोडवू लागली.

“आई, मी लावला होता तो,” स्पृहा म्हणाली. आवाज अगदी बारीक, नऊ वर्षांच्या पोरीचा. “बाबांचा. तो तंग मी लावला होता.”

“नाही गं, राणी. तो मी—”

“नको ना. परत तेच नको बोलूस.” ती आता मयूराच्या डोळ्यांत बघत होती. “वरच्या खुंटीला माझा हात पोचला नाही. बाबा हाक मारत होते. खालचं काही घ्यायचं नाही हे मला माहीत होतं, आई. आय न्यू. तरी मी घेतला. आणि ट्रेवर बाबांना घेऊन आला तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे उभी होते. तू म्हणालीस, मी लावला. मी ऐकलं.”

मयूराने तिचं शेवटचं बोट सोडवलं.

“आधी मला वाटलं, हिला खरंच तसं वाटतंय. मग कळलं, नाही, हिला माहितीय. माहितीय, म्हणून हिला मी नकोय. म्हणून हिने मला काकाकडे देऊन टाकलं.” तिने घराच्या दाराकडे पाहिलं. “तू दार लावून घेतलंस, आई.”

हे परमेश्वरा... जे दार तिने काळजावर दगड ठेवून लावलं होतं, त्याचा अर्थ त्या चिमुकल्या जिवाने हा लावला होता. तिला वाटलं होतं, पोरीचं ओझं आपण उचललं. आणि पोर ते ओझं छातीशी धरून परक्या घरात एकटी वाढत राहिली, ज्याची कबुली कुणापाशी द्यावी तर आईनेच ती जागा अडवून ठेवलेली. आपण त्याग केला, या एका विचाराच्या आधारावर मयूरा इतकी वर्षं जगली होती. तो आधार आता निखळला, आणि तिने लेकीचा रक्ताळलेला हात आपल्या पदरासारख्या एप्रनमध्ये धरला.

“मी तुझ्या मागे धावू नये म्हणून कडी लावली होती,” ती म्हणाली. “तू विसरशील असं वाटलं मला. मी चुकले, स्पृहा. तुला जवळ घेऊन त्याच दिवशी बोलायला हवं होतं. ऐक आता. तो तंग तू चढवलास. हो. आणि कुजलेला तंग मुलीच्या हाताशी येईल असा कुणी टांगला? मी. तोडून फेकायचा सोडून राहू दिला. आणि घोड्यावर बसणाऱ्याने स्वतः तंग ओढून बघायचा, हे आपल्या दोघींना कुणी शिकवलं होतं? तुझ्या बाबांनी. त्या सकाळी त्यांनी तो पाहिला नाही. घाईत होते. तू एकटी नव्हतीस त्यात. आम्ही दोघं मोठे होतो, तू नऊ वर्षांची होतीस.”

मागे काहीतरी हललं. दत्तात्रय व्हरांड्याच्या पायरीवर उभा होता, कधीपासून कोण जाणे. तो खाली आला, मयूरासमोर थांबला, बोलायला गेला आणि त्या पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

“वहिनी, मी तुम्हाला काय काय बोललो... आई गेली तेव्हा तुम्हाला कळवलंसुद्धा नाही मी. आणि तुम्ही एक अक्षर...”

“मी सांगितलं तेच तुम्ही खरं मानलंत, भाऊजी. माझ्या पोरीला तुम्ही पोटच्या मुलासारखं वाढवलंत, ते मी विसरणार नाही.”

“पण तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही.”

“मलाही नाही दिसलं,” मयूरा म्हणाली.

ट्रेवरला मराठी कळत नव्हतं, पण त्याला उमगलं असावं. तो घोड्याचा लगाम धरून उभा होता. मग स्पृहाच्या जवळ येऊन म्हणाला की तो पायी जाईल, गाई काही पळून जात नाहीत. नो वरीज.

मयूराने लेकीला उठवून शेडमध्ये नेलं. या वेळी स्पृहा उंबऱ्यावर थांबली नाही. मयूराने तळहात धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. त्याने सगळं संपणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. बोटं उद्या पुन्हा बकलकडे जातील, डॉक्टरांशी पुन्हा बोलावं लागेल, आणि या वेळी खरं बोलावं लागेल, दोघींना. हा उन्हाळा तरी पोर इथेच राहील, तिने मनाशी ठरवलं, आणि नंतर गरज पडली तर आपण शेडला कुलूप लावून ॲडलेडला जाऊ.

“आई,” स्पृहा म्हणाली, “मी बाबांसाठी कधी रडलेच नाही. मला वाटायचं, माझ्यामुळे गेले तर मी कशी रडू? मला हक्कच नाही.”

मयूराने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. क्षणभर ते अंग तसंच ताठ राहिलं. मग कुठून तरी खोल आतून एक हुंदका वर आला, आणि त्यामागून दुसरा, आणि मग ती कोसळत गेली, आईच्या मिठीत, सगळं शरीर हलवून टाकणारं ते रडणं, इतकी वर्षं घशाशी अडकून बसलेलं.

“मला बाबा हवेत गं,” ती म्हणत होती. “मला बाबा हवेत.”

मयूरानेही निनादसाठी असं रडून घेतलं नव्हतं. खोटं सांभाळायचं होतं, रडायला उसंत कुठे होती? तिने लेकीला अधिकच घट्ट आवळलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं.

“मलाही हवेत, बाळा,” ती म्हणाली. “मलाही.”