डाफिशाच्या नावाने

डाफिशा नोंगरुम स्मृती शिष्यवृत्ती मला मिळाली, तेव्हा विभागात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. अंगाईगीतांवर पीएच.डी. करायला दुसरं कोणी तयारच नव्हतं. डाफिशाचाही विषय तोच. शिलाँगपासून दूर, सोहराकडच्या डोंगरी गावांत गाणी गोळा करत फिरताना तिची गाडी दरीत गेली आणि प्रबंध अर्धा राहिला. तिच्या आईने, काँग सिल्बींनी, मग ही शिष्यवृत्ती ठेवली. थोरल्या बाईला आम्ही आदराने काँग म्हणतो. अट एकच: दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे चहाला जायचं आणि काम कुठवर आलं ते सांगायचं.

मला ते जड नव्हतं. आई गेल्यापासून शिलाँगमध्ये माझी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. लाइतुमख्रा भागातल्या माझ्या खोलीत दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नसे. काँग सिल्बी तांदळाचं वाफवलेलं काहीतरी करून ठेवायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या, निघताना हातावर सुपारी ठेवायच्या. डाफिशा त्यांची धाकटी. आमच्यात घर धाकट्या लेकीकडे जातं. ती गेल्यावर ते घर नुसतं उभं होतं.

थंडी सरल्यावर मी सोहराच्या पलीकडच्या एका गावात गेले. ज्या म्हातारीकडे गेले तिने चुलीजवळ पाहुण्यांसाठी दोन पाट मांडले. मी एकटीच आहे, म्हटलं.

“आणि ती?” तिने दाराकडे मान वळवली.

दारात धुकं होतं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

तिची अंगाई मी ध्वनिमुद्रित केली. शिलाँगला परतून ऐकली, तर तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. तरुण, दबका, जरासा मागे राहणारा. कोणी गाणं पाठ करत असावं तसा. माझ्या मार्गदर्शक सरांना सुरुवातीचा तुकडा ऐकवला. तूच गुणगुणते आहेस, म्हणाले आणि हसले. मी गुणगुणत नाही. मला सूरच नाही.

शनिवारी काँग सिल्बी चहा गाळता गाळता तीच अंगाई म्हणू लागल्या. शेवटच्या कडव्यासकट. ते कडवं मी सरांनाही ऐकवलं नव्हतं.

“ही कुठे ऐकलीत, काँग?”

“मघाशी हिने म्हणून दाखवली ना,” त्या सहज म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून गाळणी झटकू लागल्या.

त्यानंतर जिथे जाईन तिथे तसंच. बस माणसांनी खच्चून भरायची, लोक दाटीने उभे राहायचे, पण माझ्या डावीकडची जागा कोणी घेत नसे. एका अंगणात मुलं हात हलवून ओरडली, “या, या दोघी!”

मी शिष्यवृत्ती सोडायची ठरवली.

काँग सिल्बींना तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला कप हळूच खाली ठेवला.

“तुझ्या आधी जिला मिळाली होती तिनेही सोडली,” त्या म्हणाल्या. “मग तू येईपर्यंत ही घरी आलीच नाही.”

“कोण?” मी विचारलं. मला ठाऊक होतं.

“एकटीला तिला वाट सापडत नाही, बाळ. कोणाच्या तरी सोबतीने यावं लागतं.”

त्यांनी विनवणी केली नाही. रडल्याही नाहीत.

मी चहा संपवला. पुढच्या शनिवारी येते, म्हटलं.

बाहेर पाऊस लागला होता. सरळ पडत होता, वारा नव्हता. छत्री उघडून मी उतार उतरू लागले.

वाटेत मी बोलत होते. आईच्या आजारपणाबद्दल, खोलीतल्या ओलीबद्दल, सरांच्या हसण्याबद्दल. कितीतरी महिन्यांनी इतकं बोलले असेन.

खोलीच्या दाराशी छत्री मिटली, तेव्हा माझा उजवा खांदा निथळत होता. सबंध रस्ता मी छत्री डावीकडे धरली होती.