भवानीचं गिऱ्हाईक

जुन्या लॅपटॉपांच्या बाजारात, रिची स्ट्रीटवर, त्या सकाळी घोट्याच्या वर पाणी होतं. धनकोडी अण्णांच्या दुकानाच्या बंद शटरपुढे एकच पायरी कोरडी होती आणि तिच्यावर कयलविळी चपला हातात घेऊन उभी होती. पायरी एका माणसापुरतीच होती. त्यामुळे दुसरा माणूस तिच्यावर चढला, तेव्हा कयलची छत्री त्याच्या कानात गेली.

"आई गं... जरा सरका की!"

"कुठे सरकू? पाण्यात?"

"पाणी काही खोल नाहीये."

"मग तुम्हीच उभे राहा त्यात."

तो हसला, पण उतरला नाही. त्याच्या जाड भिंगांच्या चष्म्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसायला गेला – शर्ट ओला. रुमाल काढला – तोही ओला. मग तो नुसताच डोळे किलकिले करत उभा राहिला. कयलने पिशवीतून एक मऊ पिवळं फडकं काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"दुर्बिणीचं आहे. परत द्यायचं."

त्याने भिंगं पुसली, चष्मा चढवला आणि वळून तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"असं काय बघताय?"

"आत्ताच दिसायला लागलंय... थोडा वेळ द्या."

कयलने तोंड फिरवलं, कारण हसू आवरत नव्हतं आणि ते त्याला दिसायला नको होतं. नाव विचारलं नव्हतं तरी त्याने ते सांगून टाकलं – मुगिलन. लहान मुलांच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावण्याचं काम करतो. आणि इथे आलोय एका लॅपटॉपसाठी. अण्णांनी काल फोटो टाकला होता ना, बंद पडलेल्या ऑफिसातल्या त्या दोन जुन्या लॅपटॉपचा – एकाच कंपनीचे, एकाच सालचे, एक लहान आणि एक मोठा...

"लहान माझा आहे," कयल म्हणाली.

"अजून शटर उघडलेलं नाही."

"तरीही माझा आहे."

तेवढ्यात अण्णा रेनकोटातून पाणी गाळत आले आणि शटर वर गेलं. आत छताला चार्जर केळ्यांच्या घडांसारखे लोंबत होते, इतके की उंच माणसाला वाकूनच आत जावं लागे. अण्णांनी देवासमोर कापूर लावला आणि तीच आरती दुकानातल्या लॅपटॉपांवरूनही ओवाळली. मग ते वळले. समोर दोन माणसं.

"पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"मी," दोघं एकदम म्हणाले.

अण्णांचा चेहरा पडला. भवानीच्या बाबतीत त्या गल्लीत कुणी थट्टा करत नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचं नाही. त्याने दिलेला पैसा डोळ्यांना लावायचा. एकदा तो डोळ्यांना लागला की तो सौदा देव आला तरी फिरवायचा नाही. पण भवानी एकाचीच असते.

"एकाने बाहेर थांबा," अण्णा म्हणाले.

दोघांनीही बाहेर पाहिलं. पायरी आता पाण्याखाली गेली होती.

"अण्णा, आम्ही एकच आहोत," मुगिलन शांतपणे म्हणाला.

कयलने त्याच्याकडे असं पाहिलं की चष्म्यावर वाफ धरावी. पण "नाही" म्हणावं तर बाहेर जावं लागणार... ती गप्प राहिली.

"हां, मग हरकत नाही!" अण्णा खुलले. "जोडीची भवानी म्हणजे शुभच. हा धाकटा, हा थोरला. दोन्ही घेताय ना? धाकटा कुणाला?"

"मला," पुन्हा दोघं एकदम.

"तंबी," लहान भावाला हाक मारावी तसं म्हणत अण्णांनी त्याच्या चष्म्याकडे बोट केलं, "तुला थोरलाच बरा रे."

मुगिलनच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "झालं. शाळेत पहिला बाक. लग्नाच्या पंगतीत उजेडाखालची जागा. दुकानात शिरलो की सगळ्यात मोठ्या आकड्यांचं घड्याळ. मला कुणी विचारतच नाही हो, काय हवं ते... बघतात आणि ठरवून टाकतात. या वेळी मी ठरवलंय. धाकटा. मांडीवर घेऊन समुद्रावर बसणार."

हे ऐकून दुसरं कुणी विरघळलं असतं. कयल विरघळली नाही. तिने दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, थोरल्याला वायर लावली, दोन्हींवर एकच पान उघडलं आणि ते पडद्यात अख्खं मावेल असं केलं.

"बसा. वाचा."

"ही परीक्षा आहे का?"

"हो. आधी धाकटा."

तो वाचू लागला. कयल पडद्याकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. त्याची मान हळूहळू पुढे गेली, खांदे वाकले...

"थांबा. तुमचं नाक कुठे आहे?"

"जिथे जन्मापासून आहे तिथेच."

"पडद्यापासून जेमतेम वीतभर. आता थोरला." तिने लॅपटॉप पुढे सरकवला. "बघा, सरळ बसलात. पान तेच, पण अक्षरं मोठी. धाकट्यावर तीच अक्षरं बारीक होती, म्हणून सारखे वाकत होतात. दिवसभर पानं लावायची तुम्हाला. महिन्याभरात मान धरेल."

त्याने धाकट्याकडे हळूच हात नेला.

"तुम्हाला धाकटा नकोय," कयल म्हणाली. "तुम्हाला लोकांना खोटं पाडायचंय."

"आणि तुम्हाला?"

"मी सोमवारी मंडपमला चाललेय, समुद्रगायी मोजायला. दिवसभर होडीत बसायचं, दिसेल ते तिथल्या तिथे नोंदवायचं. अण्णांनी फोटोखालीच लिहिलंय, धाकट्याची बॅटरी नवी आहे, थोरल्याची मेलीये. होडीत वायर कुठे लावणार?"

"समुद्रगाय... ती असते कशी?"

"जाडी, लाजाळू, गवत खाते. श्वास घ्यायला वर येते आणि कुणी बघतंय म्हटलं की बुडी मारते."

"म्हणजे तुमच्याशी काहीच साम्य नाही."

"मी लाजाळू नाहीये."

"तेच म्हटलं." तो गालातल्या गालात हसला. मग हळू विचारलं, "पण खरं सांगा... तुम्हालाही कुणाला तरी खोटं पाडायचंच आहे ना?"

कयलचा हात कळफलकावर थांबला. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"माझ्या मामांना," ती म्हणाली. "मी आणि आई त्यांच्याच घरी राहतो. त्यांनी मला शिकवलं, सगळं केलं. आता त्यांचं म्हणणं – थोरला घे. दिवाणखान्यात भिंतीशी ठेव, वायर लावून. घरबसल्या काम कर. बॅटरी मेलीये तेच बरं, म्हणे, मशीन जागचं हलणार नाही." ती थांबली. "आणि मीही. ते अकरा वाजता येतायत इथे, थोरला पसंत करायला. म्हणून मी आधी आले."

बाहेर पाऊस एकदम वाढला. मुगिलनने धाकट्याचं झाकण मिटलं आणि तो तिच्याकडे सरकवला – जरा नाइलाजानेच.

"एक युक्ती सांगू? मामांसमोर तुम्ही थोरला घ्या, मी धाकटा घेतो. ते गेले की कोपऱ्यावर बदलू. कुणाला कळणारही नाही."

युक्ती चांगली होती. कयलने ती मनातल्या मनात एकदा पूर्ण करूनही पाहिली. कोपरा, अदलाबदल, घरी दप्तरात तळाशी लपवलेला लॅपटॉप, सोमवारी पहाटे दबक्या पावलांनी...

"नको," ती म्हणाली. "मी काही चोरी करत नाहीये. मग चोरासारखी का जाऊ?"

तिने पैसे काढले – तिच्या शिकवण्यांचे. मुगिलनने त्याचे त्यावर ठेवले. अण्णांनी दोन्ही मिळून एकत्रच डोळ्यांना लावले, आधी उजव्या, मग डाव्या, आणि म्हणाले, "झालं! एक भवानी, दोन लॅपटॉप, आणि मूळ चार्जर एकच आहे, पण दोन्हींना चालतो. दुसरा वरून कुठलाही काढून देतो."

तेव्हाच दारात मामा उभे राहिले. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्रीची एक काडी मोडलेली.

"कयल? तू आधीच आलीस?"

"हो मामा. घेतलासुद्धा." तिने धाकटा उचलून दोन्ही हातांत धरला. "हा."

मामांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग शेजारच्या माणसाकडे. "आणि हा कोण?"

"बाईंचे यजमान हेच ना," अण्णा मोकळेपणाने म्हणाले. "जोडीनेच भवानी केली."

 मामांची छत्री हळूच खाली टेकली.

"तसं काही नाहीये!" कयल म्हणाली. "अर्ध्या तासापूर्वी भेटले. पायरीवर जागा नव्हती म्हणून –"

"पायरीवर!"

"मामा, त्यांचं नंतर. आधी माझं ऐका."

"काय ऐकायचं? अण्णा, हा परत घ्या. तो मोठा द्या."

"भवानी आहे, सार." अण्णांनी हात जोडले. "पैसा डोळ्यांना लागलाय. माझा बाप वरून आला तरी परत घेणार नाही."

मामा क्षणभर अडखळले. मग त्यांची नजर थोरल्यावर गेली आणि तिथून मुगिलनवर. "मग तुम्हीच आपसात बदला. अण्णा, ह्याला कुठला हवा होता?"

"दोघंही धाकट्यावरच भांडत होते," अण्णा म्हणाले.

"बघ! तंबी, तुला लहान हवा होता ना? घे तू तो. मोठा हिला दे. ना कुणाचा पैसा बुडाला, ना कुणाची भवानी मोडली."

"मी देणार नाही," कयल म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"हा लहान आहे, कारण तो माझ्याबरोबर येणार आहे. मी सोमवारी जाणार, मामा. तुम्हाला सांगून जाणार, तुमच्या पाया पडून जाणार. तुम्ही आशीर्वाद दिला नाहीत तर तशीच जाणार. तुम्ही मला पोहायला शिकवलंत मरीनावर, सगळ्या गल्लीने नावं ठेवली तरी. तेव्हा म्हणाला होतात, पाण्याला भ्यायचं नाही. आता मी भीत नाही, तर तुम्हीच भिताय."

 मामा मुगिलनकडे वळले – शेवटचा आधार असल्यासारखे. "तू बोल. तुला लहान हवा होता की नाही?"

मुगिलनने चष्मा काढला. पिवळ्या फडक्याने एक भिंग पुसलं, मग दुसरं, खरं तर दोन्ही स्वच्छच होती. त्याचे उघडे डोळे कयलला पहिल्यांदाच नीट दिसले. मऊ, थोडे भांबावलेले.

"हवा होता," तो म्हणाला. "पण लागतो थोरलाच. मला लहान अक्षरं दिसत नाहीत, मामा." हे वाक्य त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नसावं, कारण ते त्याने फार सावकाश उच्चारलं. "मी बदलणार नाही."

"मला मामा म्हणू नकोस!"

"बरं, सार."

मामा स्टुलावर बसले. बराच वेळ ते ओल्या वेष्टीचं टोक पिळत राहिले. मग एकाएकी उठले, अण्णांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी हिसकावून घेतली आणि धाकट्याभोवती गुंडाळू लागले.

"अशी बांधतात का पिशवी? पाणी शिरेल. होडीत घेऊन जाणार म्हणे!" त्यांनी दुसरी पिशवी चढवली, मग तिसरी. गाठ इतकी घट्ट मारली की सोमवारी ती दातांनीच सोडवावी लागणार होती. "तिथे रोज फोन करायचा. समजलं?"

"हो मामा," कयल म्हणाली. 

अण्णांनी मूळ चार्जर पुढे केला. तो मुगिलनच्या हाताशी जवळ होता. त्याने तो घेतला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि कयलपुढे धरला.

"हा तुम्ही न्या."

"आणि तुम्ही?"

"मला लागला की मी येईन न्यायला. मंडपमला."

"तुमच्या थोरल्याची बॅटरी मेलीये," कयल म्हणाली. "चार्जरशिवाय तो सुरूसुद्धा होणार नाही."

"हो ना..." त्याने मान हलवली. "म्हणजे लवकरच यावं लागेल."

कयलने चार्जर घेतला. त्याची बोटं वायरीच्या एका टोकाला होती, तिची दुसऱ्या, आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती. तिला वाटलं, हसून विषय टाळावा. मग वाटलं – का टाळायचा? आज सकाळपासून काहीच टाळलेलं नाही.

"फडकंसुद्धा राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "ते द्यायलाही यावं लागेल." आणि मामांकडे वळून, मान ताठ ठेवून तिने सांगितलं, "मामा, हे मंडपमला येणार आहेत. मीच बोलावलंय. चार्जर न्यायला."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश मान वर केली. छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घडच्या घड चार्जर लोंबत होते.

"अण्णा," ते म्हणाले, "ह्याला चार्जर काही नकोय. एक छत्री तरी द्या."