खळ्यावर चपला काढणारा

सेनगावच्या बसस्थानकावर मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता येईल हे प्रवाशांना छातीठोकपणे खोटं सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे थापा मारण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी स्वतःच कबूल करतो. पुढची हकिगत मात्र मी रचलेली नाही. रचली असती तर जरा बरी रचली असती.

दोन सालांमागं पौषात आमच्या गावच्या पोरांनी भुताचा सिनेमा काढला. स्वप्निल लग्नाचे व्हिडिओ काढतो. लग्नं नसली की त्याचा कॅमेरा रिकामा असतो आणि डोकंही. गोष्ट माझी होती. तुरीच्या रानात घोंगड्याची खोळ पांघरून, हातात विळा घेऊन एक माणूस फिरतो, आणि जो तुरीत शिरेल त्याचा मुडदा पडतो. बावीस मिनिटांत आठ मुडदे. त्यात गावातला वैजनाथ एकटाच तीन वेळा मेला, मिशा बदलून.

खुन्याचं काम कोणा एकाला दिलेलं नव्हतं. खोळीत चेहरा दिसतच नाही, मग एक नट कशाला अडकवून ठेवायचा? नियम सोपा होता. जो रिकामा असेल त्यानं खोळ घ्यायची. कधी वैजनाथ, कधी तांड्यावरचा प्रेमसिंग, दोनदा मी. माझा खुनी जरा सावकाश चालतो, गुडघ्यांमुळे.

शूटिंग गावातल्याच मनकर्णाच्या रानात केलं, कारण तिथं अजून खळं आहे. आता सोयाबीन असो की तूर, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, रानातच ताडपत्रीवर मळणी करून मोकळा होतो. खळी गेली. मनकर्णा मात्र दरसाल आपलं खळं शेणानं सारवते, मधोमध खांब रोवते. तिथं मळायला काहीच येत नाही. तिचा एकुलता एक पोरगा गोपीचंद चौदा वर्षांमागं हडंब्याच्या टोळीबरोबर वरल्या अंगाला, दूरच्या गावांकडं कामाला गेला होता. हडंबा परत आला, टोळी परत आली. गोपीचंद आला नाही. सकाळी उठलो तर अंथरूण रिकामं होतं, एवढंच टोळीवाले सांगत. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

सिनेमा मोबाइलवर लोकांनी पाहिला आणि भिण्याऐवजी हसले. शेवटी सिनेमातली नायिका, आमची कोमल, पळत खळ्यावर येते, मागं खुनी. खळ्याच्या कडेला खुनी थांबतो. वाकतो. चपला काढतो, एकीला एक लावून नीट ठेवतो, आणि मग विळा उगारून पुन्हा मागं लागतो.

खळं म्हणजे लक्ष्मीची जागा. तिथं पायताण घालून कोणी जात नसे. आता कोणाला आठवतं? पण खाली लोकांनी लिहिलं, ‘असा संस्कारी खुनी गावोगाव मिळो.’ एकानं लिहिलं, ‘पोरगी देऊन टाका याला.’ आणि सगळ्यांची एकच मागणी, दुसऱ्या भागात हाच हिरो पाहिजे.

स्वप्निलनं आम्हाला पारावर गोळा केलं.

“चपला काढायची अक्कल कोणाची?” त्यानं विचारलं.

“माझी,” वैजनाथ म्हणाला. “मीच होतो खोळीत. म्हणून हिरोबी मीच.”

“तू मुडदा होता की बे,” प्रेमसिंग म्हणाला. “मागं तुरीत पडला होता. मुंगी चावली म्हणून शिव्या देऊन राहिला होता, सिनेमात ऐकू येतात.”

“मंग तू असशील.”

“मी थर्माकोल धरून उभा होतो. कोमलच्या तोंडावर उजेड पाडायला.”

कॅमेरा स्वप्निलच्या हातात होता. कॅमेऱ्यावर छत्री माझ्या हातात. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. प्रत्येकाला वर्षभर वाटत होतं की खोळीत दुसरा होता.

कोमल अंगणवाडीत शिकवते. उगाच भिणारी नाही. ती म्हणाली, “ज्यानं माझा हात धरला ना, तो भला माणूस होता. विळा दुसऱ्या हातात पाठीमागं लांब धरला होता, मला लागू नये म्हणून. तुमच्यापैकी कोणाला एवढं कळतं का?”

मग मीच म्हणालो, की कोणी वाटसरू गंमत करून गेला असेल. सवयीप्रमाणे त्याचं नाव, गाव आणि त्याच्या सासऱ्याचं आडनावही सांगून टाकलं. पोरांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा माझ्या ओसरीवर आली. कोमलनं तिला सिनेमा दाखवला होता.

“भाऊजी, गोपीला काम दिलं अन् मला सांगितलंबी न्हाई?”

“मनकर्णा, तो गोपी न्हाई.”

“त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हडंब्यात गेला होता. उजवी चप्पल त्याला हातानंच काढावी लागते. पाहा तुमी.”

मी तो तुकडा तिच्यासमोर पाहिला. चाळीसेक वेळा पाहिलेला होता. डावी चप्पल पायानंच निघते. उजवीसाठी तो खाली वाकून हात लावतो.

मग मला जे चौदा वर्षं बोलता आलं नव्हतं ते मी बोललो. पोरगा हरवल्यावर ती रोज बसस्थानकावर येऊन बसायची. ते बघवेना, म्हणून मी तिला सांगितलं होतं की गोपी हरवला त्याच हप्त्यात मला नांदेडच्या गाडीत चढताना दिसला, ‘मायला सांगा, येतो’ असं म्हणाला. ती थाप होती.

“ठाऊक हाये मला,” मनकर्णा म्हणाली. “त्या हप्त्यात तुमी हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते. पर बरं वाटलं होतं. चौदा वर्षं पुरलं की.”

मी खाली पाहिलं.

“आता दुसरं काही रचू नका,” ती म्हणाली. “तुमच्या गोष्टीत त्याला खुनी काहून केलं? उपाशी माणूस कोणाच्या मागं धावला म्हणजे तो भाकर मागून राहिला. लोकच पळून जातात, तो काय करल? दुसऱ्या भागात त्याला बसवा. मला एकदा त्याचं तोंड पाहू द्या. माझ्या हातानं खाऊ द्या. मंग मारा त्याला, तुमच्या मनासारखा.”

तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. कामाचं बोलावं तशी बोलली आणि गेली.

मी दुसरा भाग तसाच लिहिला. खुनी हिरो. त्याला कोणी कधी जेवायला बस म्हणालं नाही, म्हणून तो तुरीत राहतो. शेवटी त्याची माय खळ्यावर बसते, खोळ वर करते आणि त्याला भरवते. मायच्या कामाला मनकर्णा. हिरो वैजनाथ, कारण हाडामांसाचा कोणी तरी लागणारच होता. मनकर्णानं काही हरकत घेतली नाही. “येईल तो,” एवढंच म्हणाली. तिला वैजनाथ म्हणायचं होतं असं आम्ही धरून चाललो.

शेवटचा प्रसंगच आधी घ्यायचा ठरला. दुपारचा एक. ऊन कडक, तूर डोक्याच्या वर गेलेली, वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. मनकर्णा सारवलेल्या खळ्यावर बसली होती. पुढ्यात ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, मिरचीचा ठेचा. आम्ही कॅमेऱ्यामागं वैजनाथची वाट पाहत होतो.

तुरीतून खोळ आली.

“आलं येडं,” स्वप्निल पुटपुटला आणि त्यानं कॅमेरा सुरू केला.

खळ्याच्या कडेला तो थांबला. डावी चप्पल पायानं काढली. उजवीसाठी वाकला. दोन्ही एकीला एक लावून ठेवल्या आणि मनकर्णासमोर जाऊन मांडी घातली. आमच्याकडे पाठ.

“आज बराबर काम करून राहिला वैज्या,” प्रेमसिंग हळूच म्हणाला.

माझ्या खिशात मोबाइल थरथरला. मी चार पावलं मागं गेलो.

“बापू, जीप सेनगावातच बंद पडली,” वैजनाथ ओरडत होता. “सीन थांबवा. खोळबी माझ्याच पिशवीत हाये.”

मी मोबाइल बंद केला. तोंड उघडलं. आवाज दिला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं.

पण मनकर्णाचा हात खोळीला लागला होता.

मी गप्प बसलो.

तिनं खोळ वर केली. आत पाहिलं. तिचं तोंड आमच्याकडे होतं. ती ओरडली नाही.

“किती वाळला रे बापा,” ती म्हणाली.

मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खोळीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. रिकामा बाहेर आला.

दुसरा घास. तिसरा.

चौथ्याला हात कोपरापर्यंत गेला.

कोमलनं माझी बाही घट्ट धरली होती. त्यापुढं ती मोजत नव्हती, मीही नाही. भाकरी संपली. मनकर्णानं ताटलीत बोट फिरवून उरलेली आमटी त्याला चाटवली. निजलेल्या लेकराचं पांघरूण नीट करावं तशी खोळ खाली ओढली.

तो उठला. चपला घातल्या. तुरीत शिरला.

एक शेंग हलली नाही.

अर्ध्या तासानं वैजनाथ दुचाकीवर मागं बसून आला, पिशवीतून खोळ काढली आणि “कुठं उभा राहू?” म्हणाला. स्वप्निलनं कॅमेरा गुंडाळून ठेवला होता.

सिनेमा पुरा झाला. त्या प्रसंगाला लोक रडले. खोळीतल्या कामाबद्दल शिरड शहापूरला वैजनाथचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्यानं तो करून घेतला. त्याला मी दोष देत नाही. भाषणाची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लोकांना वाटलं, गहिवरला.

पण त्याआधीच, त्या दुपारनंतर आठ दिवसांनी, मी मनकर्णाकडे गेलो होतो. ती खळं सारवत नव्हती. अंगणात तूर निवडत निवांत बसली होती. इतकी निवांत मी तिला चौदा वर्षांत पाहिली नव्हती.

“पाहिलंस ना तोंड?” मी विचारलं.

“तोंड?” तिनं तूर बाजूला सारली. “तोंड न्हवतं भाऊजी. आत काहीच न्हवतं. अंधार होता, लई खोल. हात घातला तं गार लागायचा.”

“मंग घास कुठं गेले?”

“खाल्ले की त्यानं,” ती हसली. “चावलाबी एकदा, लबाड. लहानपणी असाच चावायचा.”

तिनं हात पुढं केला. तर्जनीच्या पेरावर दोन बारीक खुणा होत्या. मी नातवंडं खेळवलेला माणूस आहे. खालचे दोन दात नुकतेच आलेलं लेकरू चावलं की अशाच उठतात.

आठ दिवस झाले होते. खुणा अजून ओल्या होत्या.