ओल्या वाळूची लांबी

धुकं आलं की काळे भुंगे वाळूच्या धारेवर रांगेनं उभे राहतात. डोकं खाली, ढुंगण वर. पाठीवर थेंब जमतो आणि घरंगळत तोंडात जातो.

बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. बाभळीखाली बसायचं नाही, तिथल्या वाळूत गोचिडी दबा धरून असतात.

मुतोकोकडे दात न आलेलं मूल नदीकाठच्या ओल्या मातीत पुरतात. म्हाताऱ्या बायका पुरतात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत.

तान्ह्या बाळाची लांबी निजवूनच मोजतात.

न्यारायला हे सगळं ठाऊक होतं. झिम्बाब्वेतलं मुतोको सोडून ती नामिबच्या वाळवंटात नर्स म्हणून आली, त्याला तीन वर्षं झाली होती. कुइसेब नदीच्या काठी दोन खोल्यांचा दवाखाना, मागे तिची खोली. नदीला पाणी नव्हतं, नुसता वाळूचा रुंद पट्टा. पहिल्या वर्षी ती पलंगाचे चारही पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवून झोपायची. दुसऱ्या वर्षी डबे गेले. तिसऱ्या वर्षी चहात पडलेली माशी ती बोलता बोलता चमच्यानं काढून टाकायची.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, तिची मुलगी गेली.

न्याराय तेव्हा तापानं बेशुद्ध होती. तिचा नवरा फुंगाय किनाऱ्यावरच्या मिठागरात ट्रक चालवायचा, तो धावत आला. म्हाताऱ्या बायका आणायच्या कुठून? त्यानंच पुरलं. नदी होती, म्हणून नदीकाठी पुरलं. मुलीचं तोंड त्यानं पाहिलं, न्यारायनं नाही. हातभर खणलं तरी वाळू कोरडीच निघत होती, हे त्यानं महिन्याभरानं सांगितलं.

न्यारायनं मुतोकोला आत्याला फोन लावला.  आत्या म्हणाली, असं लेकरू कोरड्यात राहिलं की आईला पाठचं होत नाही. दात आलेले असते तर गोष्ट निराळी, मोठ्या माणसासारखी कोरडी जमीन चालली असती. पण हिला घरी आणा, ओढ्याकाठी ठेवू.

"वर्षाच्या आत आण, पोरी. रडायचं ते नंतर रड."

उकरायचा परवाना मिळायला ऑक्टोबर उजाडणार होता.

एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा पुरल्या जागी गेली. भोवती सगळी वाळू पांढरी आणि मधे एक लांबट ओला डाग. दवाखाना झाडणारी मारग्रीता इथलीच. ती म्हणाली, "धुक्याचं असेल, सिस्टर. आम्हाला हाच पाऊस." न्यारायनं खिशातली मोजपट्टी काढली. का काढली, तिला सांगता आलं नसतं. सत्तावन्न सेंटिमीटर.

मे महिन्यात पूर्वेचा वारा सुटला. सहा दिवस भट्टीसारखा. ओठ फुटले, खिडक्यांच्या फटींतून वाळू आत आली, झाकलेला पावही दाताखाली कचकचू लागला. भिंतीवरचा पारा एक्केचाळीसवर. धुक्याचा मागमूस नव्हता, भुंगे कधीच वाळूत खोल गेले असणार. तरी ती गेली.

डाग ओला होता. भोवती भुंग्यांचं कडं, सगळ्यांची डोकी आत, पाठी वर. पाठी कोरड्या ठाक.

साठ.

दवाखान्याच्या दाराला मुलींच्या वाढीचा तक्ता चिकटवलेला होता. दोन महिने, सत्तावन्न. तीन महिने, साठ. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग रांगेतल्या पहिल्या बाईला आत बोलावलं.

जुलै. चौसष्ट.

मारग्रीता नारा फळं वेचून परत येत होती. वाळूत गुडघे टेकलेली न्याराय तिला दिसली. ती थांबली.

"कुणाची उंची घेतेयस, सिस्टर?"

न्यारायनं मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. त्या दिवसापासून मारग्रीता लांबचा फेरा घेऊन घरी जाऊ लागली.

सप्टेंबर. सदुसष्ट.

ऑक्टोबरात फुंगाय परवाना, पांढरं कापड आणि फावडं घेऊन आला. दुपारची वेळ, सावली पायाखाली गोळा झालेली. तो आत्याशी बोलून आला होता. ओढ्याकाठची जागा साफ करून ठेवली होती. कड्यातले भुंगे बघून तो जरा बिचकला, मग म्हणाला, "किती किडे गं इथं. कशी राहतेस तू?"

"फावडं नको," न्याराय म्हणाली. "लागेल तिला."

ती हातानं उकरू लागली.

मनगटापर्यंत वाळू गार होती. कोपरापर्यंत चिखल, काळा, ओढ्याकाठी असतो तसा.

तिनं बोटं पुढे सारली.

मग ती थांबली.

हात बाहेर काढला. तर्जनीवर दोन बारीक खुणा, शेजारी शेजारी. रक्त नव्हतं. बोट कोमट होतं.

"किडा चावला," फुंगाय म्हणाला. "बघू."

तिनं कड्याकडे पाहिलं. एकही भुंगा हलला नव्हता. ते चावत नाहीत, हे तिला तीन वर्षांत कळलं होतं.

ती हळूहळू वाळू परत लोटू लागली. आधी ओली, मग कोरडी.

"काय करतेस? बस उद्याची आहे."

"राहू दे तिला इथंच. आता चालेल."

"आत्याला काय सांगू?"

न्यारायनं तळहातानं वाळू सारखी केली, गोधडी सारखी करतात तशी.

"सांग, दात आले."

वाळूतलं ते बाळ त्याच वर्षी नऊ फेब्रुवारीला पहाटे जन्मलं होतं. ते एकदाही रडलं नव्हतं.