उजवीकडची जागा

मावशींना ‘मावशी’ हे नाव फळ्यावर मिळालं. नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. बियाण्यांच्या पाकिटांवर छापायची चित्रं काढण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. काकडीचा वेल, कोबीचा गड्डा, माती झटकलेले मुळे. पाकीट फाडून बी पेरलं की चित्र कचऱ्यात जातं, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पण आपलं चित्र कुणीतरी नीट, थांबून पाहावं, ही हौस मात्र आतल्या आत राहून गेली होती. ती फळ्याने भागवली.

फळा म्हणजे इंटरनेटवरचा चित्रं काढणाऱ्यांचा एक कट्टा. इंटरनेट तेव्हा फार सावकाश चालायचं. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. आधी आभाळ यायचं, मग कौलं, मग खिडकी, आणि खिडकीत कोण बसलंय हे कळेपर्यंत कपातला चहा निवायचा. त्या वाट पाहण्यातच निम्मं चित्र बघून व्हायचं. मावशींना पुढे कितीतरी चांगली चित्रं बघायला मिळाली, पण तसं उतरत जाणारं चित्र पुन्हा नाही मिळालं.

फळ्यावर रीतभातही होती, आणि ती मावशींनीच घालून दिली होती. झालं होतं असं, की एका शाळकरी मुलीने घोड्याचं चित्र टाकलं आणि कुणीतरी लिहिलं, हे चार पायांचं कपाट छान आहे. ती मुलगी परत आली नाही. मावशींना ते इतकं लागलं की दुसऱ्या सकाळी त्यांनी फळ्याच्या माथ्यावर लिहून टाकलं: चित्रावर बोलावं, चित्रकारावर नाही. आधी काय दिसलं ते सांगावं, मग काय खटकलं ते. मागितल्याशिवाय चूक दाखवू नये, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या चित्राला हात लावू नये. आणि चित्रकार ‘झालं’ म्हणाला की आपण गप्प बसावं.

लोकांनी ते मनावर घेतलं. त्या रीतीतूनच माणसं जोडली गेली. दातांचा डॉक्टर असलेला बोका, ज्याला मांजरांखेरीज काही काढताच येत नसे. शिवणकाम करणाऱ्या वहिनी, ज्यांच्या चित्रातल्या बायकांचे कपडे नेहमी अंगाच्या मापाचे असत. आणि शाईवाला. तो जुनी शाईची पेनं दुरुस्त करायचा, एका गल्लीत त्याचं एवढंसं दुकान होतं. त्याने कुणाचं चित्र वाईट म्हटलेलं मावशींना आठवत नव्हतं. फार तर लिहायचा, ‘इथे माझा डोळा अडखळला, दोष डोळ्याचाही असेल.’

एकदा, फक्त एकदाच, सगळे प्रत्यक्ष भेटले होते. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, डाव्या हाताला मोठ्या खिडक्या. कॅमेरा आणायचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तोच विसरला, म्हणून त्या दुपारचा फोटो नव्हता. पण आठवण निघाली की प्रत्येक जण सांगायचा, तसं ऊन परत पाहिलं नाही.

मग दिवस बदलले. पसंतीचा अंगठा उमटवून पुढे सरकायच्या नव्या जागा निघाल्या आणि लोक तिकडे गेले. फळा ओस पडला. मावशी तरीही रोज सकाळी चहा घेऊन तो उघडत, कुणी नाही हे बघत आणि बंद करत. बंद असलेल्या घराच्या खिडक्या उघडून वारा घ्यावा, तसं.

अशाच एका सकाळी फळ्यावर चित्र होतं.

सभासदाचं नाव ‘शिकाऊ’. खाली दोनच वाक्यं: ‘आठवणीतून काढलं आहे. कृपया चुका सांगाव्यात.’ पेन्सिलीचं काम होतं, हात अजून कच्चा. लांब टेबल, डावीकडे खिडक्या, टेबलाभोवती माणसं. मावशींनी चष्मा पुसला. मधोमध केसांचा सैल अंबाडा घातलेली बाई बसली होती. ती त्याच होत्या.

त्यांनी लगेच बोक्याला फोन केला, वहिनींना केला, शाईवाल्याला केला. संध्याकाळपर्यंत सगळे फळ्यावर हजर होते. बोका तक्रार करत होता की आपलं पोट एवढं नव्हतं. वहिनी सांगत होत्या की आपण त्या दिवशी निळं घातलं होतं. हा शिकाऊ कोण, असं त्यांनी एकमेकांना विचारलं. भेटीला आलेल्यांपैकीच असणार, यावर एकमत झालं. फक्त मावशींच्या मनात आलं, की चित्र दाराजवळून पाहिल्यासारखं आहे, जरा खालून, आणि दाराजवळ तर कुणी बसलेलं नव्हतं.

फळा पुन्हा नांदता झाला. रोज कुणीतरी एखादी चूक दाखवायचं, रीतीने, आधी काय आवडलं ते सांगून. शिकाऊ एवढंच लिहायचा, ‘आभारी आहे. दुरुस्त केलं.’ आणि दुसऱ्या दिवशीचं चित्र खरोखरच सुधारलेलं असायचं. हात झपाट्याने बसत होता. खिडकीतलं ऊन आधी नुसतं पांढरं होतं, ते ऊन दिसू लागलं. मावशींना वाटलं, आपण ज्यासाठी हा कट्टा चालवला तो हाच माणूस.

वहिनींनी एकदा लिहिलं, माझा उजवा खांदा उतरलेला दिसतोय, जमल्यास सरळ करावा. दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. खांदा आखडल्यामुळे कित्येक महिने त्यांना कात्री धरवत नव्हती. आज सकाळी हात सहज वर गेला, म्हणाल्या. दोघी हसल्या. औषधाचा गुण उशिरा आला असेल, असं मावशी म्हणाल्या, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

मग बोक्याने तो अभिप्राय लिहिला. फळ्याच्या रीतीत एका अक्षरानेही न चुकणारा. उजेड फार सुंदर उतरला आहे, त्याने लिहिलं. चित्राबद्दल बोलतोय, माणसाबद्दल नाही, पण उजव्या टोकाला गर्दी वाटते. तो शेवटचा माणूस नसता तर नजर सरळ मधल्या बाईंवर गेली असती.

शेवटचा माणूस म्हणजे शाईवाला. त्याने स्वतःच खाली लिहिलं, ‘अगदी पटलं. काढा मला. मी तसाही जागा फार अडवतो.’ मावशींनी त्याखाली लिहिलं, टीका अशी करावी आणि अशी घ्यावी.

‘आभारी आहे,’ शिकाऊने लिहिलं. ‘दुरुस्त केलं.’

दुसऱ्या दिवशीचं चित्र पाहून मावशींनी मनातल्या मनात बोक्याला दाद दिली. उजवी बाजू मोकळी झाली होती आणि त्या मोकळ्या जागेवर ऊन पडलं होतं. शाईवाल्याला चिडवावं म्हणून त्यांनी त्याचं कालचं वाक्य शोधलं. ते तिथे नव्हतं. बोक्याचा अभिप्राय होता, त्याखाली थेट त्यांची स्वतःची ओळ होती: टीका अशी करावी आणि अशी घ्यावी. मधलं काही नाही.

रागावून पुसलं असेल, असं वाटून त्यांना अपराधी वाटलं. फोन करायला गेल्या तर फोनमध्ये त्याचं नाव सापडेना. त्यांनी बोक्याला विचारलं, शाईवाल्याचा नंबर आहे का.

“कोण शाईवाला?” बोका म्हणाला.

“अहो, पेनं दुरुस्त करणारा. तुम्हीच नाही का काल त्याला काढायला सांगितलंत?”

“मावशी, मी उजवीकडची खुर्ची काढायला सांगितली. रिकामी होती ती. फळ्यावर तसंच लिहिलंय, बघा.” त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मग त्याने विचारलं, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

वहिनींनीही तेच विचारलं.

मावशी हिशेबी डोक्याच्या बाई होत्या. वय झालं की माणसं विसरतात हे त्यांना ठाऊक होतं, पण नसलेली माणसं कुणाला आठवत नाहीत. त्या बसने त्याच्या गल्लीत गेल्या. सकाळची वेळ होती, दुकानं उघडत होती. पूर्वी त्या पेन दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या, त्यामुळे छत्र्या दुरुस्त करणारा ओळखीचा होता, चाव्या करणाराही. या दोघांच्या मध्ये शाईवाल्याचं दुकान. मावशी तिथे उभ्या राहिल्या. छत्र्यांच्या दुकानाची भिंत जिथे संपत होती तिथेच चाव्यांच्या दुकानाची सुरू होत होती. मध्ये बोट घालायला फट नव्हती. भिंतीचा रंग जुना होता, पावसाचे ओघळ दोन्हीकडे सलग उतरले होते.

चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही दोघे पहिल्यापासून शेजारी. मग मावशींचा चेहरा बघून त्याने त्यांना स्टूल दिलं.

परतताना बसमध्ये त्यांनी शाईवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. आला. पण केसांचा भांग कुठल्या बाजूला ते ठरेना. आपणही विसरलो तर तो कुठेच उरणार नाही.

घरी येऊन, पायातल्या चपला तशाच ठेवून त्या संगणकापुढे बसल्या. फळ्यावर नवा अभिप्राय आला होता. वहिनींचा. खिडकीच्या तावदानांबद्दल होता, निरुपद्रवी होता, तरी मावशींनी तो दोनदा वाचला. त्यांनी सगळ्यांसाठी लिहिलं, की आता कुणीही काही सुचवू नये. मग शिकाऊला लिहिलं, की चित्र फार चांगलं झालं आहे, आता ‘झालं’ म्हणावं.

उत्तर लगेच आलं. ‘आभारी आहे. पण अजून शिकतो आहे.’

‘तुम्ही त्या दिवशी तिथे होता का? कुठे बसला होता?’

‘मला बसायला सांगितलं नाही कुणी.’

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, शेजारी कुकरची शिट्टी झाली. सगळं रोजच्यासारखं होतं. मग त्यांनी शांतपणे, रीत सांभाळून लिहिलं, की उजवीकडे शेवटी एक गृहस्थ होते, ते कृपया परत काढावेत.

‘मला ते आठवत नाहीत,’ शिकाऊने लिहिलं. ‘तुम्ही सांगाल तसे काढतो.’

मावशींनी सांगायला घेतलं.

दुपारभर त्या लिहीत होत्या. जन्मभर मुळ्या-काकड्यांचे बारकावे टिपलेला डोळा त्यांनी पणाला लावला. उभट चेहरा. कान डोक्याला चिकटलेले. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शर्टाची बाही दुमडलेली, बाहीवर निळा डाग. डाव्या हाताची बोटं लांब, नखांच्या कडांत शाई. मान थोडी पुढे, कुणी बोललं की ऐकायला वाकल्यासारखी. भांग डावीकडे. भांगापाशी त्या अडल्या, डोळे मिटून बसल्या, आणि मग लिहिला.

‘आभारी आहे,’ शिकाऊने लिहिलं.

त्या संध्याकाळी चित्र आलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. दुपारी आलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, ते जुन्या दिवसांसारखं वरून पट्टीपट्टीने उतरू लागलं. आधी छत. खिडक्यांचे माथे. मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. मग त्यांचा अंबाडा, बोक्याचं टक्कल. मग उजव्या टोकाला एक डोकं, भांग डावीकडे.

तो शाईवाला होता. कान, दोरी, बाहीवरचा डाग, पुढे झालेली मान. मावशींच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी बोक्याला फोन केला.

“शाईवाला आठवतो का हो?”

“हा काय प्रश्न झाला?” बोका म्हणाला. “तो समोरच दिसतोय की.”

त्यांनी फोन ठेवला न ठेवला तोच तो पुन्हा वाजला. नंबर दिसत नव्हता.

“मावशी,” शाईवाला म्हणाला.

आवाज त्याचाच होता, किंवा त्यांना तसा वाटला. आवाजाबद्दल आपण काय लिहिलं होतं, ते त्या आठवू लागल्या. काहीच लिहिलं नव्हतं.

“बरे आहात ना?” त्यांनी विचारलं. “दुकानातून बोलताय?”

“कुठलं दुकान?”

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“इथे ऊन फार छान आहे,” तो म्हणाला. तो नेहमीच्याच अदबीने बोलत होता, कुणाला त्रास देतोय असं वाटू नये अशा बेताने. “तुमचे आभार मानायचे होते. सगळं अगदी हुबेहूब सांगितलंत. फक्त एक विनंती होती, मावशी. राग मानू नका.”

“बोला ना.”

“केव्हापासून उठायचा प्रयत्न करतोय. टेबलाच्या खालचं तेवढं शिकाऊंना सांगायचं राहिलंय.”

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. चित्र पूर्ण उतरलं होतं. टेबलाच्या कडेखाली, त्याचे पाय असायला हवे होते तिथे, कोरा कागद होता. आणि चित्राच्या खाली एक नवी ओळ आली होती.

‘झालं,’ शिकाऊने लिहिलं होतं.