सुलतानपूरच्या तळ्यातलं मूळ

महाराष्ट्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. बुलढाण्याला वनस्पतिशास्त्र शिकवणारे नीळकंठराव सुट्टीच्या दिवशी सुलतानपूरच्या तळ्यावर गेले, ते एका पाणवनस्पतीसाठी. बाणाच्या टोकासारखं पान, पांढरं फूल. अकोला, अमरावती, यवतमाळ, सगळीकडचे वाळवलेले नमुने विद्यापीठाच्या संग्रहात होते. बुलढाण्याची जागा तेवढी रिकामी. ती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

तळ्यात गावातली तानाबाई गुरांसाठी तीच पानं विळ्यानं कापत होती. नीळकंठरावांनी झाड मुळाशी धरलेलं पाहून तिचा हात थांबला.

"आमी वरूनच कापतो, मास्तर. मूळ नाही उपडत. खाली बुडालेली बाई त्यानं धरून ठेवली हाये."

शिकल्यासवरल्या माणसानं असलं काय मनावर घ्यायचं! मुळाशिवाय नमुना अर्धाच. त्यांनी जोर लावला. चिखलानं झाड सोडलं, पण सुखासुखी नाही.

घरी त्यांनी ते वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वर पाटा ठेवला. सकाळी कागद ओलेचिंब. बदलले, तर दुपारी पुन्हा ओले, आणि घरभर शेवाळाचा वास. त्यात त्यांच्या बायकोला, पद्मजेला, हुडहुडी भरली. पुण्याची ही बडबडी पोरगी, तिला सातवा महिना; दोन घोंगड्या पांघरूनही दात वाजायचे, आणि खोकला आला की तोंडातून गढूळ पाणी पडायचं. डॉक्टरांनी हात टेकले. नीळकंठरावांचा जीव टांगणीला लागला. बसवेना, जेववेना. संग्रह गेला खड्ड्यात, बायको वाचली पाहिजे.

पहिल्या एसटीनं ते झाड घेऊन तळ्यावर पोचले. कंबरभर पाण्यात उतरून झाड होतं तिथंच रोवलं. हाताखालचा चिखल हलला... आणि हळूच मिटला.

तानाबाई काठावरून पाहत होती. "मूळ रिकामं नाही राहत, मास्तर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याले धराले कोणी लागते..."

ते धावतपळत घरी आले. पद्मजा चुलीपुढे भाकरी थापत होती. घोंगडी नाही, खोकला नाही. त्यांना रडूच कोसळलं. थंडी गेली का, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

लग्नाला वर्ष होऊनही वऱ्हाडी शब्द जिच्या तोंडी बसला नव्हता, ती मान वर न करता म्हणाली,

"मले बरं वाटून राह्यलं. तिले वाजन थंडी... पहिले पहिले. मंग सवय होते."

मग ती ताट घ्यायला उठली. तिचं पोट सपाट होतं.